ठकठक झाल्याशिवाय

१

आधीच सांगून टाकतो, मी थापाड्या माणूस आहे. अख्ख्या गल्लीला माहीत आहे, तेव्हा तुमच्यापासून काय लपवायचं? ऐका, आणि पटलं नाही तर म्हातारा चळलाय म्हणून सोडून द्या.

माझं फ्रेमांचं दुकान. लग्नाचे फोटो, मेलेल्यांचे फोटो, पोरांची सर्टिफिकिटं, सगळ्यांना चौकटीत बसवतो. स्वतः मात्र कधी बसलो नाही. एकदा हेडमास्तरांच्या फोटोच्या काचेवर बारीक ब्रशाने माशी काढून ठेवली होती, बरोबर नाकाच्या शेंड्यावर. सत्काराला आलेले पाहुणे रुमालाने हाकलत होते तिला. शेवटी शिपायाने चप्पल काढली, तेव्हा मी मागच्या दाराने सटकलो.

तर दुकानाची रीत अशी. सकाळी शटर वर. मी चौकटी ठोकायचो, आणि आमच्या सरकार खिडकीशेजारच्या स्टुलावर बसून फ्रेमांच्या पाठीला खळ लावून खाकी कागद चिकटवायच्या. सरकार म्हणजे माझी बायको. दुपार झाली की ती हात धुवायची, हळदी रंगाची शाल खांद्यावर टाकायची, भाजीची पिशवी उचलायची आणि पुढे निघायची. जेवण गरम करायला. घर कोपऱ्यावरून वळलं की लगेच.

पण कोपऱ्यावर जाऊन ती थांबायची. माझ्याकडे पाठ करून. मी हातोडीने टेबलावर दोनदा ठोकायचो, ठकठक. म्हणजे आवरलं, निघतोय. ते ऐकलं की मगच वळायची. मी मुद्दाम उशीर लावायचो. कधी एकदाच ठोकायचो, ठक. तिचं पाऊल उचललं जायचं आणि तसंच परत खाली यायचं. मी इकडे हसून हसून बेजार. पण वळून बघेल तर शपथ! अख्ख्या संसारात एकदा वळून बघितलं नाही. घरी गेल्यावर म्हणायची, "अहो वांड, सगळं लक्षात ठेवतेय मी. एक दिवस एकदम फेडीन."

आणि हो, ठकठक झाली म्हणजे मी निघालो असं समजू नका. ठकठक करून मी शेजारच्या शिंप्याशी गप्पा मारायचो. घरी पोचेपर्यंत आमटी परत गार झालेली असायची.

सरकार गेल्या थंडीत गेल्या. दुपारीच. पुढे गेली, शेगडी पेटवली, खुर्चीत टेकली ती टेकलीच. पायात चपला तशाच होत्या.

तेव्हापासून हातोडी फळीवर आहे. खिळे आता मी दाबायच्या हत्याराने बसवतो. आवाज होत नाही. दुपारी शटर ओढतो नि मुकाट चालायला लागतो.

२

उन्हाळ्यात दातांचा डॉक्टर एक चित्र घेऊन आला. माझी कवळी त्यानेच केलीय, त्यामुळे मी त्याच्याशी बोलताना तोंड जपून उघडतो, नाहीतर तो लगेच आत बघायला लागतो.

"काका, एक पेशंट मशीनचा आवाज ऐकून पळाला," डॉक्टर म्हणाला. "जाता जाता ह्याच्यावर आदळला. काच फुटली, चौकट वाकली. दवाखान्याला रंग देतोय, तो होईस्तोवर राहू दे तुमच्याकडे."

मी जवळ जाऊन बघितलं तर नुसता राडा. पांढऱ्यात निळं, निळ्यात जांभळं, मध्येच शेंदरी फराटा. रंगाऱ्याने काम संपल्यावर ब्रश पुसावा तसं.

"डॉक्टर, हे पुरं कधी होणार?"

"मागे व्हा की जरा. मागे, अजून मागे. आता डोळे बारीक करा."

केले. आणि काय सांगू, त्या राड्यातून गाव वर आलं. छपरांवर बर्फ, धुराड्यातून वाकडा धूर, पानं झडलेली झाडं. एक रस्ता पुढून निघून घरांच्या मागे वळलेला. वळणापल्याडच्या एका खिडकीत शेंदरी उजेड. बर्फावरच्या सावल्या निळ्या होत्या. मला बर्फ माहीत म्हणजे मासळीबाजारातला, पेटीतला. त्याची सावली निळी असते हे माझ्या बापालाही ठाऊक नव्हतं. पण बघितल्यावर वाटलं, अगदी खरं आहे.

एक पाऊल पुढे टाकलं की परत राडा.

सगळ्या भिंती भरलेल्या, म्हणून मी ते चित्र सरकारच्या स्टुलाच्या वर टांगलं. तिथलाच एक खिळा रिकामा होता.

३

दुसऱ्या तिसऱ्या दिवशी काच कापत होतो. घाम पुसायला मान वर केली, आणि दुकानाच्या ह्या टोकाहून चित्राकडे नजर गेली.

वळणावर कोणीतरी उभं होतं.

फार काही नाही हो. ब्रशाचे दोन फटकारे. एक हळदी, आणि त्याच्या खाली एक काळपट. पण तो हळदी फटकारा जरा डावीकडे कललेला होता. उजव्या हातात जड पिशवी असली की माणूस कलतं तसा.

मी हातातला काच कापायचा हिरा खाली ठेवला. अशा वेळी काच कापू नये, बोट जातं.

माझ्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. म्हटलं, हा त्या दुसऱ्याचा चावटपणा. तो झाकला. होती. मग चांगला झाकला, वाईटाने बघितलं. धूसर, पण होती. जवळ गेलो तर नुसता हळदी रंग, कापसाच्या बोळ्याएवढासुद्धा नाही. मागे सरलो. उभी.

मनाला म्हटलं, पहिल्यापासून असेल. आपलं लक्ष नसेल गेलं. एवढ्या बर्फात कोण माणसं मोजतंय? तरी डॉक्टरला फोन लावला.

"डॉक्टर, तुमच्या त्या चित्रात रस्त्यावर माणूस किती?"

"माणूस?" तो हसला. "अहो, माणूस नाही म्हणून तर घेतलं ते. वाट बघायच्या खोलीत माणसं काय कमी आहेत? का हो काका, काही काढून ठेवलंत की काय? मिशा?"

"छे छे," म्हटलं, "गंमत केली."

फोन ठेवला. बाहेर डांबर वितळत होतं. स्टुलापाशी गेलो तर पायाला गारवा लागला. शीतपेटीचं झाकण उघडल्यावर खाली उतरतो ना, तसा. मी स्टूल हाताने पुसलं. ओलं होतं. छपराकडे बघितलं, कोरडं.

४

आमची लेक बँकेत आहे. दर आठवड्याला डबा घेऊन येते आणि दुकानाची झडती घेते, म्हणून मी तिला फौजदार म्हणतो.

"बाबा, शटर बंद करा आता कायमचं. माझ्याकडे चला. खोली मोकळी आहे."

"तुझ्याकडे माझी थट्टा कोण सहन करणार? तुझा नवरा? तो विनोदावर दुसऱ्या दिवशी हसतो."

"तोच बरा. तुमच्या विनोदावर दुसऱ्या दिवशी रडावं लागतं." असं म्हणत ती मागे सरली आणि भिंतीकडे वळली. डबा हातातच राहिला.

मी काही बोललो नव्हतो. एक अक्षर नाही. तुमच्या गळ्याशपथ.

बराच वेळ ती बघत राहिली. मग डोळे बारीक केले, अगदी डॉक्टरने मला सांगितले होते तसे. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"बाबा, हे तुम्ही काढलंत."

"नाही गं."

"माशी काढायचात, मिशा काढायचात, मी हसले. पण आईला काढलंत? लोकांच्या चित्रात?" तिचा आवाज फुटला. "पुसा ते. आत्ताच्या आत्ता पुसा."

"अगं मला असं काढता आलं असतं तर मी फ्रेमा ठोकत बसलो असतो का?"

तिला ते पटलं नाही. आयुष्यभर लांडगा आला रे आला केल्यावर खरा लांडगा आला की असंच होतं. तिनेच कापूस घेतला, टर्पेंटाईनमध्ये बुडवला आणि त्या हळदी रंगावर अलगद फिरवला. कालचा रंग असता तर उतरला असता. कापूस पांढराच राहिला. तिने बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

"काय झालं?"

"काही नाही," फौजदार म्हणाली, आणि ते बोट पदरात गुंडाळून धरलं.

जाताना दारातून परत एकदा बघितलं तिने. "शाल तीच आहे," एवढंच म्हणाली.

५

आता माझी गंमत ऐका. माणूस म्हातारा झाला तरी खोड जात नाही.

मला भीती वाटायला हवी होती, नाही का? वाटलीही. पण ती तशी पाठ करून उभी असलेली बघून हात शिवशिवायला लागले. नवी काच बसवून झाली होती. मी पांढऱ्या रंगात ब्रश बुडवला आणि काचेवर, बरोबर तिच्या खांद्यावर, एक टिंब दिलं. बर्फाचा गोळा. लागला!

"बघ आता वळून," म्हटलं.

पुसून टाकणारच होतो. काचेवरचं काय, फडक्याने जातं. पण शिंपी आला, गप्पांत राहून गेलं.

सकाळी काच स्वच्छ होती. टिंब होतं तिथेच, तिच्या खांद्यावर, पण काचेच्या आत. नखाने खरवडलं तर नख नुसतं काचेवरून घसरलं. आणि ती? ती वळली नव्हती. खांदा तेवढा किंचित वर गेला होता. राग आला की जायचा तसा.

मी स्टूल ओढून समोर बसलो आणि इतका हसलो, इतका हसलो की शिंप्याने विचारलं, "काका, बरं आहे ना?"

त्यानंतरचे दिवस, खरं सांगू? फार सुखाचे गेले. मी तिच्याशी बोलायचो. उन्हाळा कडक आहे, तू बरी सुटलीस. शिंप्याने माझी विजार आखूड केली. फौजदार दमते गं. चित्र परत द्यायचं आहे हे मी विसरूनच गेलो. दवाखान्याचा रंग कधी वाळूच नये असं वाटायचं.

मग एक दिवस लक्षात आलं की तिचे पाय दिसत नाहीत.

पहिल्यांदा खाली काळपट फटकारा होता ना, तो आता निम्माच होता. खाली पांढरं चढलं होतं. म्हटलं, ऊन काचेवर पडतं म्हणून तसं दिसतं. चित्र फिरवलं. काच काढली. दुसऱ्या दिवशी पांढरं गुडघ्याला टेकलं होतं. आणि वळणापल्याडच्या त्या खिडकीतला उजेड, जो शेंदरी होता, तो विटून तपकिरी झाला होता. कुणीतरी वात कमी कमी करत आणावी तसा.

रस्त्यावर बाकी सगळं पहिल्यासारखंच. धूर, झाडं, छपरं. बर्फ पडत होता तो फक्त तिच्यावर.

मी बोलायचा बंद झालो. दुकानात आता दिवसभर गारवा असायचा. गिऱ्हाईकं म्हणायची, "काका, थंड हवेचं मशीन बसवलंत वाटतं?" मी स्वेटर घालून काचा कापत होतो, आणि बाहेर लोक वर्तमानपत्राने वारा घेत होते.

हे असं का चाललंय ते मला कळत नव्हतं. की कळत होतं, आणि कळून घ्यायचं नव्हतं? काय माहीत.

६

डॉक्टरचा फोन आला. रंग वाळला, उद्या माणूस पाठवतो.

मी लेकीला बोलावलं. ती सुटीचा अर्ज टाकून आली. काही विचारलं नाही तिने. सरळ भिंतीपाशी गेली, मागे सरली, डोळे बारीक केले.

पांढरं कमरेपर्यंत आलं होतं. शालीवरही चढलं होतं, खांद्यावरचं माझं टिंब आता वेगळं दिसत नव्हतं. खिडकी जवळजवळ काळी.

"ती आत का जात नाही, बाबा?" लेक लहान मुलीसारखी म्हणाली. "घर समोर आहे. आत का जात नाही?"

मी टेबलावरच्या काचेच्या कपच्या गोळा करायला लागलो.

"मला शाळेतून आणायची तेव्हा मी तिच्याबरोबर उभी राहायचे कोपऱ्यावर. ऊन असो, पाऊस असो. मी म्हणायचे, आई, चल ना, पाय दुखतात. ती म्हणायची, ठकठक झाल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. तो माणूस मागे एकटा आहे." तिने दुकानभर नजर फिरवली. "बाबा, हातोडी कुठे आहे?"

"फळीवर."

"कधीपासून?"

मी स्टुलाकडे बघितलं. तिला कळलं.

तिने हातोडी काढली, धूळ पुसली, माझ्या हातात दिली. आणि दिली ती दिली, सोडेना. दांडा आम्ही दोघांनी धरलेला. तिच्या डोळ्यांत काय आलं ते मी बघितलं. बँकेतली बाई ती, हिशोबाला पक्की.

"नको," ती म्हणाली. "बाबा, नको. ठकठक म्हणजे तुम्ही निघालात."

"हो."

"मग नको. राहू दे तिला तशी. मला तुम्ही..."

मी चित्राकडे बघितलं. उद्या ते दवाखान्यात जाणार. तिथे भिंतीवर, मशीनच्या घरघरीत, गाल धरून बसलेल्या लोकांसमोर ती मानेपर्यंत बर्फात उभी राहणार. तिथे माझी हातोडी तिला कुठून ऐकू येणार? आणि ही इकडे, माझी पोर, दांडा सोडत नाही. एकीला गारठू द्यायचं की दुसरीला रडवायचं? थट्टेचा जन्म गेला माझा, पण असा पेच कुणी घातला नव्हता.

मग एकदम सुचलं. आणि मला हसू आलं.

"फौजदार," मी म्हटलं, "मी ठकठक केल्यावर घरी कधी पोचायचो?"

तिने मान वर केली.

"सांग ना. लगेच?"

"कधीच नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "आई दोनदा आमटी गरम करायची. शिंपीकाकांकडून तुम्हाला ओढून आणायला मला पाठवायची."

"मग? ठकठक म्हणजे निघालो असं कोण म्हणतं? ठकठक म्हणजे निघतोय. माझं निघणं तिला पक्कं ठाऊक आहे. वाट बघेल. पण घरात बसून, शेगडीपाशी. काय?"

तिला रडता रडता हसू फुटलं. "बाबा, तुम्ही तिलासुद्धा फसवणार?"

"फसवत नाही गं. उशीर करतो."

तिने दांडा सोडला.

मी टेबलापाशी गेलो. एकदा ठोकलं. ठक.

आणि खोड बघा माझी. थांबलो.

दुकानात कसला आवाज नव्हता. लेक भिंतीला पाठ लावून उभी. मला वाटलं, पण वाटलंच असेल, की कुठेतरी लांब, जाड बर्फात, एक पाऊल उचललं गेलं आणि तसंच खाली आलं. करर्र.

"बाबा!" लेक ओरडली. "नका ना छळू तिला!"

ठक.

७

चित्राकडे आम्ही लगेच बघितलं नाही. दोघांचीही हिंमत नव्हती. लेकीने डोळे पुसले, पिशवी उचलली. "मी पुढे जाते, जेवण गरम करते. या तुम्ही."

ती गेल्यावर मी खाकी कागद काढला आणि चित्र गुंडाळायला उतरवलं. मग मात्र ते टेबलावर उभं केलं, मागे, अजून मागे सरलो आणि डोळे बारीक केले.

वळणावर कोणी नव्हतं. बर्फ होता, निळ्या सावल्या होत्या, आणि त्या बर्फात कमरेएवढा खोल एक खड्डा. तिथून पावलांचा एक माग निघून घरामागे गेला होता. खिडकी शेंदरी. नुसती शेंदरी नाही, भगभगीत. आणि खिडकीशेजारी, जिथे आधी नुसती भिंत होती असं मी छातीठोक सांगतो, तिथे उजेडाची एक उभी फट. सुतळीएवढी. दार लोटलेलं होतं. कडी लावलेली नव्हती. माझ्यासाठी ती कधीच लावायची नाही.

बराच वेळ मी त्या फटीकडे बघत होतो. आत काही हललं का, ते विचारू नका. मी सांगणार नाही.

चित्र कागदात बांधलं, सरकारच्याच पद्धतीने कडा दुमडून, आणि स्टुलावर टेकवून ठेवलं. उद्या डॉक्टरचा माणूस नेईल. दात दुखायला लागले की जाऊन बघून येईन. खोट्या दातांचं दुखणंसुद्धा मला उत्तम करता येतं.

शटर धरलं आणि कोपऱ्याकडे नजर गेली.

लेक तिथेच थांबली होती. पाठ करून. पिशवी उजव्या हातात, डावीकडे कललेली. भर उन्हात.

मी आत गेलो, हातोडी घेतली. ठकठक. मध्ये थांबलो नाही. चित्राकडे पाठ केली आणि बाहेर पडायला शटरखाली वाकलो.

तेवढ्यात मानेवर काहीतरी येऊन बसलं. फट्‌कन. गार, जड, मऊ. कॉलरच्या आत फुटलं आणि विरघळून पाठीच्या कण्यावरून सरळ खाली गेलं. त्या तापलेल्या दुपारी माझे दात वाजले, कवळीसकट.

सगळं एकदम फेडीन म्हणाली होती.

मी वळून बघितलं नाही. आमच्यात तशी रीत नाही. मान खाली घालूनच शटर ओढलं, कुलूप घातलं. शिंप्याने हाक मारली, "काका, बसा की जरा!"

"आज नाही रे," म्हटलं.

एकीला उशीर करायचा तर दुसरीकडे वेळेवर पोचायला नको का? ओल्या पाठीने मी कोपऱ्याकडे चालायला लागलो.